थर्माकोलच्या रोमचे ओव्हरसियर

ओव्हरसियरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींची विचारपूस करत, मग माणसांची. दारात बूट काढतानाच त्यांची नजर छताच्या कोपऱ्यात जाई, तिथून चौकटीवर, तिथून खिडकीच्या खाली. एखादा तडा सापडला की चेहरा खुलायचा. घरची बाई पाण्याचा ग्लास घेऊन ताटकळत उभी आणि काका तड्यावरून बोट फिरवत विचारणार, "हा कधीपासून?" इथे कॅनडात, ब्रॅम्पटनमधल्या घरांना भिंती नसतात, पुठ्ठे असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. तरी पुठ्ठ्यांकडेही ते दुर्लक्ष करत नसत.

मी त्यांच्या मुलाच्या, म्हणजे अभयदादाच्या, बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. पस्तिशीची, एकटी, वेअरहाऊसमध्ये डिस्पॅचचं काम करणारी. राहायला आले त्याच दिवशी काका टॉर्च घेऊन खाली उतरले. मला वाटलं, भाडेकरूची चौकशी करायला आले असतील. त्यांनी माझ्याकडे न बघता वॉशरूमच्या मागची ओल तपासली आणि मग गाव विचारलं. नागपूर म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "नागपूरला बांधकाम चांगलं आहे. माणसांचा अनुभव नाही." त्या दिवसापासून मी 'नागपूर' झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण खरं नाव फक्त रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, हाक मारायला वापरायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. कराड-पाटणच्या बाजूला सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. पूल, बंधारे, जुने बुरूज यांची देखभाल करायची, आणि देखभाल म्हणजे मुख्यतः त्यांच्या फटीत उगवलेले पिंपळ काढायचे. आता पिंपळाला हात लावायला एकही मजूर तयार नसतो. झाडावर मुंजा बसलेला असतो, तो नंतर घरापर्यंत मागे येतो. त्यामुळे नारळ फोडून पहिला घाव साहेबांनी घालायचा आणि मग मजुरांनी पुढचं काम करायचं, अशी रीत पडली होती. बत्तीस वर्षं पहिला घाव काकांचा. मग प्रत्येक झाडाची रजिस्टरात नोंद व्हायची: अनुक्रमांक, ठिकाण, उंची, जबाबदार व्यक्ती आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द, 'समूळ'. एकदा मी सहज विचारलं की असे किती काढले असतील, तर म्हणाले, "रजिस्टरात आहे," आणि विषय बदलला.

काकू गेल्यावर अभयदादाने त्यांना कायमचं इकडे आणलं आणि वाटेत मन रमावं म्हणून तीन दिवस रोम दाखवलं. तिथे सगळं जग मान वर करून कमानी बघत होतं आणि काका मान वाकडी करून फटी बघत होते. त्या मोठ्या गोल अवशेषाच्या भिंतीतून चांगला पुरुषभर उंचीचा अंजीर बाहेर आलेला त्यांना दिसला. ते तडक गाईडकडे गेले आणि या भिंतीचा इनचार्ज कोण आहे असं विचारलं. गाईड म्हणाला, सम्राट आहेत, पण सध्या जागेवर नाहीत. काकांनी त्याला समजावून सांगितलं की या झाडाची मुळं तीस वर्षांत कमान खाली आणतील. गाईड म्हणाला की त्याच्या आजोबांच्या लहानपणच्या फोटोतसुद्धा हे झाड आहे, आणि कमानही आहे. शिवाय त्याने हेही सांगितलं की जुन्या काळी इथे खेळांसाठी लांबलांबून जनावरं आणत, त्यांच्या चाऱ्यातून देशोदेशीचं बी आलं आणि इथेच रुजलं असं म्हणतात. त्या दिवशी काका जेवले नाहीत. अभयदादाला वाटलं, पिझ्झा मानवला नाही.

मला मात्र त्यांनी नंतर खरं कारण सांगितलं. "नागपूर, तिथं भिंतीचं आणि झाडाचं जमलेलं आहे. कुणी कुणाला पाडलं नाही. मग मी बत्तीस वर्षं काय करत होतो?" मी तेव्हा कपडे ड्रायरमध्ये टाकत होते.

आता आमच्याकडचं रोम. आमच्या घरापासून बसस्टॉपकडे जाताना एक बँक्वेट हॉल लागायचा. एके काळी तिथे आपल्या लोकांची लग्नं धडाक्यात लागायची. समोर बारा उंच खांब, दोन सिंह, मधोमध कारंजं आणि कारंज्यात चादर गुंडाळून उभा असलेला एक सम्राट. मग एका हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने छप्पर बसलं. आत कुणी नव्हतं, पण नंतर तिथे कुणीच आलं नाही. मालक सोडून गेला, कुंपण घातलं गेलं, कुंपणाला भोक पडलं आणि सगळे त्या भोकातून बसस्टॉपकडे शॉर्टकट मारू लागले. सारी गल्ली त्या जागेला 'रोम' म्हणायची. मेधावहिनी, म्हणजे काकांची सून, फोनवर सांगायची, "रोमपाशी आहे, पाच मिनिटांत पोचते."

काका पहिल्यांदा त्या भोकातून आत गेले आणि दोन तास बाहेर आले नाहीत. खांब थर्माकोलचे निघाले. वरून सिमेंटचा पातळ हात, आत सगळं पांढरं. सुतार पक्ष्यांनी त्यांना चाळणीसारखी भोकं पाडून बिऱ्हाडं थाटली होती. सम्राटाचं डोकं पडलं होतं आणि मानेतून रकून नावाचं केसाळ जनावर बाहेर बघायचं, त्यामुळे लांबून सम्राट दाढी वाढवल्यासारखा दिसे. स्टेजखाली ग्राउंडहॉग राहत होता, ज्याला काका 'घुशीचा थोरला भाऊ' म्हणत. नवरीच्या तयारीच्या खोलीत कोल्हीण व्यायली होती. कमानीवर कॅनडा गूज जातीच्या एका हंसिणीने अंडी घातली होती आणि तिचा नवरा खालून जाणाऱ्या प्रत्येकाचा चावा घ्यायला धावायचा. मंडपाच्या जागी मोहरी उगवली होती, मेथी उगवली होती, आणि दारासमोर जिथे वरातीची घोडी उभी करत तिथे चक्क हरभरा. काकांना गाईडचं बोलणं आठवलं. घरी येऊन त्यांनी मोठ्या समाधानाने जाहीर केलं की हे रोमसुद्धा अस्सल आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभयदादाकडून जाडजूड वही मागवून घेतली, पट्टीने रकाने आखले आणि ब्रॅम्पटनच्या रोमचं रजिस्टर सुरू झालं. रोज सकाळी नऊला ते कामावर जात, एकला जेवायला येत. झाडांच्या बुंध्यांना त्यांनी गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढले आणि वर नंबर टाकले, आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना असतात तसे. गेरू मिळाला नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्या रंगाचा डबा आणला. हातासरशी सिंहांच्या पायांनाही पट्टे दिले. नोंदी वाचण्यासारख्या होत्या. 'कावळे, अकरा. वागणूक उद्धट.' 'कोल्हीण, एक. पिल्ले मोजू दिली नाहीत.' कुणी वाटसरू भोकातून आत आला की ते त्याच्यापुढे वही धरून म्हणत, "रिमार्क्स, प्लीज." लोक बिचारे लिहीत. एका पिझ्झावाल्या पोराने 'गूज इज व्हेरी बॅड' असं लिहून सही केली आहे.

एका शनिवारी काका मारुतीच्या फोटोसाठी पानांचा हार घेऊन आले. रोममध्ये मिल्कवीड माजलं होतं. पान तोडलं की पांढरा चीक निघतो हे बघून काकांनी निकाल दिला की ही आपल्या रुईची चुलत बहीण आहे आणि मारुतीला चालेल. हारात एक पट्टेदार सुरवंट होता. तो दोन दिवस देवापुढे बसून हार खात राहिला आणि तिसऱ्या दिवशी फोटोच्या चौकटीला हिरवा कोश करून लटकला. मेधावहिनीने दोन आठवडे देवघर पुसलं नाही. घंटा वाजवायची बंद झाली, उदबत्ती बाहेर गेली, आरती सगळे कुजबुजत म्हणू लागले. एका रविवारी कोशातून नारिंगी फुलपाखरू निघालं आणि मारुतीच्या खांद्यावर बसून पंख वाळवू लागलं. अभयदादाची मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स अ मोनार्क." काकांनी नोंद केली: 'फुलपाखरू, एक. देवघरातून रवाना.'

आणि मग अंजीर सापडला. कारंज्याच्या हौदाला लागून, फरशीच्या फटीतून वर आलेला, माझ्या खांद्याएवढा. काकांना फटीतलं झाड दिसलं आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने हात पिशवीतल्या खुरप्याकडे गेला. मी त्या दिवशी बरोबर होते म्हणून सांगते. ते खाली बसले, बुंध्याशी खुरपं टेकवलं आणि तसेच बसून राहिले. गुडघे धरले असतील म्हणून मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांच्या डोळ्यांना पाणी. खुरपं पिशवीत परत ठेवलं, वही काढली, अंजिराची नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'राहू द्यावा.' मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं हे. शुद्धलेखन बघ जरा."

घरी येताना त्यांना शंका आली की इथल्या थंडीत अंजीर जगतो कसा. उत्तर समोरच्याच घरात राहत होतं. तिथे एक इटालियन म्हातारा होता, ऐंशीच्या पुढचा, ज्याला आम्ही 'शिन्योर' म्हणायचो. त्याची आणि काकांची दोस्ती कुठल्याही भाषेत नव्हती. काका सरकारी पत्राच्या इंग्रजीत बोलत, शिन्योर हातांनी. तरी त्यांचं दोन-दोन तास चालायचं. काकांनी त्याला ओढत रोममध्ये नेलं. शिन्योरने खांबांकडे बघितलं, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "आय मेक धिस रोम. सिक्स वीक्स." खरंच, जवानीत तो प्लास्टरचं काम करायचा. बारा खांब, सिंह, सम्राट, सगळं त्याच्या हातचं. काम संपल्यावर आपल्या गावाहून आणलेल्या अंजिराची एक फांदी त्याने कारंज्यापाशी खोचली होती आणि विसरून गेला होता. झाड दर हिवाळ्यात वरून मरायचं आणि मुळातून पुन्हा फुटायचं.

शिन्योरने उपायही सांगितला. त्याच्या परसात अंजीर होता आणि दर नोव्हेंबरला तो त्याला पुरायचा. खरंखुरं पुरायचा. फांद्या दोरीने बांधायच्या, एका बाजूची मुळं कापायची, झाड हळूहळू आडवं करायचं, खड्ड्यात निजवायचं, वर गालिचा, फळ्या, माती. एप्रिलअखेर थंडी सरली की उकरून उभं करायचं. काका ऐकून थक्क झाले. तोडण्याच्या सगळ्या पद्धती त्यांना पाठ होत्या, झाडाला निजवून ठेवायची पद्धत त्यांनी पहिल्यांदा ऐकली. त्याच सुमारास कुंपणावर पाटी लागली होती की मे महिन्यात जागा मोकळी करून तिथे वेअरहाऊस होणार. थंडीच्या तोंडावर उपटला तर जगणार नाही, असं शिन्योरचं म्हणणं; म्हणजे या हिवाळ्यात अंजीर तिथेच जगवायचा आणि मशीन यायच्या आत मुळासकट हलवायचा, एवढंच काकांचं उरलेलं काम. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाकी सगळं गेलं तरी चालेल. हा एक उठला पाहिजे."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिघं रोममध्ये गेलो. शिन्योरकडे दोरी, काकांकडे वही, माझ्याकडे फावडं आणि नारळ. नारळ कशाला, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, आजवर तोडताना फोडला, निजवताना नको का? झाड आडवं करायला दोन तास लागले. मेधावहिनीने दिलेल्या जुन्या शालीत शेंडा गुंडाळला आणि हॉलमध्ये पडलेला लाल गालिचा, ज्यावरून नवरा-नवरी चालत येत, तो सगळ्याभोवती लपेटून दोरीने बांधला. काम संपल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर हुबेहूब माणूस. डोकं, खांदे, पाय, सगळं जागच्या जागी. मी काही बोलणार एवढ्यात कुंपणापाशी पोलिसांची गाडी थांबली. समोरच्या टाउनहाऊसमधून कुणीतरी फोन केला होता.

दोन पोलीस आले, एक उंच गोरा आणि एक आपली पंजाबी मुलगी. तिने खड्डा बघितला, गालिचा बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अंकलजी, इसमें कौन है?"

काका सावधानमध्ये उभे राहिले. सरकारी माणसाला सरकारी भाषेतच उत्तर द्यायचं या शिस्तीने म्हणाले, "मॅडम, ही इज नॉट डेड. ही इज अंडर ग्राउंड टिल एप्रिल."

गोऱ्याचा हात कमरेकडे गेला. शिन्योरला वाटलं, आता आपण सावरून घ्यावं. तो पुढे होऊन म्हणाला, "एव्हरी नोव्हेंबर आय बरी वन. फॉर्टी इयर्स."

मी जिवाच्या आकांताने सांगत होते की हे झाड आहे, झाड आहे, पण एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात नारळ धरलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? शेवटी गालिच्याचं टोक उघडलं. शाल निघाली, तेव्हा दोघंही एक पाऊल मागे सरकले. मग शालीतून काटक्या निघाल्या. ती मुलगी कठड्यावर बसून जी हसायला लागली ती थांबेना. तिचं हसणं ओसरायची वाट बघून काकांनी वही पुढे केली. "रिमार्क्स, प्लीज." तिने लिहिलं, 'फिग. नो कन्सर्न्स.' खाली सही आणि बिल्ला क्रमांक. मग आम्ही पाचही जणांनी मिळून माती लोटली. नारळ त्या गोऱ्याने फोडला, आणि प्रसाद म्हणून मोठा तुकडा घेऊन गेला.

जानेवारीत काकांच्या छातीत दुखलं. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा ते छताच्या चौकोनांकडे बघत पडले होते. तिसऱ्या ओळीतला चौकोन ओला आहे हे त्यांनी नर्सला दोनदा सांगितलं होतं, ती मनावर घेत नव्हती. उशाखालून रजिस्टर काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. रात्रीचं गोठणारं दंव गेल्याशिवाय उघडायचा नाही, घाई करायची नाही, शिन्योर सांगेल तेव्हाच, असं सगळं बजावलं. मी म्हटलं, तुम्हीच उघडाल की. त्यावर ते चिडले. खोटी नोंद त्यांना कधीच आवडायची नाही. निघताना म्हणाले, "उठला की मला कळव." चार दिवसांनी ते गेले.

दहाव्या दिवशी पिंड ठेवायला कावळे कुठे शोधायचे हा प्रश्न आला. रजिस्टरात अकरा होते. कडाक्याच्या थंडीत आम्ही रोममध्ये गेलो: अभयदादा, मेधावहिनी, मी आणि कुणी न बोलावता आलेला शिन्योर. सिंहाच्या डोक्यावरचा बर्फ झटकून अभयदादाने पिंड ठेवला. कावळे खांबांवर बसले होते आणि खरोखरच उद्धट होते. एकही हलला नाही. कावळा शिवत नाही म्हणजे माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि ती पुरी करू असं मोठ्याने सांगायचं असतं. अभयदादाने हात जोडून सांगितलं की कराडच्या आत्याला दर रविवारी फोन करीन. कावळे ढिम्म. देवघर रोज पुसू. ढिम्म. मुलीला मराठी शिकवू. त्यावर एक कावळा उडून दुसऱ्या खांबावर गेला. थंडीने आमची बोटं बधिर झाली होती. मेधावहिनीने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. "काका, अंजीर आम्ही काढू. घाई नाही करणार. उठला की तुम्हाला कळवीन."

कावळे तरीही आले नाहीत. सम्राटाच्या पायामागून एक काळी खार आली, सिंहावर चढली आणि दोन्ही हातांनी पिंड धरून खायला लागली.

अभयदादाने घाईघाईने पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा खारीवर धरला. गुरुजींनी बराच वेळ निरखून विचारलं, "काळी आहे ना?" काळीकुट्ट आहे, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. "मग आपलं समाधान करून घ्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. खार चालली की नाही यावर घरात महिनाभर वाद झाला. मी त्यात पडले नाही. मला एवढंच कळत होतं की शब्द दिला आहे आणि तो कुणी ऐकला याची खात्री नाही, तेव्हा तो पाळलेला बरा.

मशीन पाटीवर लिहिल्यापेक्षा लवकर आलं, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, दंव अजून पडत असताना. मी शिफ्ट सोडून धावत गेले. शिन्योर माझ्या आधी पोचला होता आणि खड्ड्यावर चक्क आडवा झोपला होता. फोरमन हेल्मेट काढून डोकं खाजवत होता. त्याला झाडांवरच्या पट्ट्यांचं आणि नंबरांचं आधीच कोडं पडलं होतं. सिटीचा सर्व्हे झाला आहे का, असं त्याने मला विचारलं. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसतं रजिस्टर त्याच्या हातात दिलं. मराठीतली पानंच्या पानं, आखलेले रकाने, अनुक्रमांक. तो गंभीरपणे उलटत गेला आणि पोलिसांच्या सहीपाशी थांबला. दुपारपर्यंत वेळ देतो, म्हणाला. रकान्यांना कॅनडातही मान आहे हे काकांना कळायला हवं होतं.

आम्ही माती उपसली, फळ्या काढल्या, गालिचा उलगडला. अंजीर म्हणजे नुसती काटकी. शिन्योरने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. शेंड्याला तपकिरी. मधे तपकिरी. बुंध्याशी खरवडलं आणि बराच वेळ बघत राहिला. हिरवं आहे की नाही हे त्याला सांगता येईना, त्याचे डोळे अधू झाले होते, आणि मला सांगता येईना कारण माझे भरून आले होते. मुळांचा गड्डा ओल्या शालीत बांधला, रोममध्येच सापडलेल्या ग्रोसरीच्या ढकलगाडीत ठेवला आणि खाली लाल गालिचा अंथरून आम्ही तो रस्त्याने घरी आणला. मागे शिन्योर टोपी काढून चालत होता. बसस्टॉपवरच्या दोन बायकांनी आम्हाला बघून छातीवर क्रॉसची खूण केली.

गराजमध्ये मोठ्या बादलीत अंजीर उभा केला. त्या आठवड्यात रोम पाडलं. थर्माकोलचे गोळे वाऱ्याने सगळ्या गल्लीत उडाले आणि एप्रिलमध्ये पुन्हा बर्फ उपसतात तसं शोव्हल करायची वेळ आली. सुतार पक्षी समोरच्या टाउनहाऊसच्या भिंतीत राहायला गेले, ज्यांनी पोलिसांना फोन केला त्यांच्याच. कोल्हिणीचं काय झालं ते कळलं नाही.

मी रोज कामावरून आले की आधी बादलीपाशी जायची. रोज तीच काटकी. रजिस्टरातली शेवटची नोंद मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट वाचली. 'अंजीर, एक. जमिनीखाली. उघडणे: दंव गेल्यावर.' जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव होतं, माझं, वडिलांचं आणि आडनाव, संपूर्ण, काकांच्या वळणदार अक्षरात. शेऱ्याचा रकाना कोरा होता. तो कोरा ठेवायची सवय त्यांना नव्हती. एप्रिल संपला, मे अर्धा गेला. मेधावहिनी एकदा हळूच म्हणाली की बादली लागणार आहे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मे संपता संपता एका संध्याकाळी बुंध्याच्या अगदी खाली, मातीला टेकून, एक पान दिसलं. नखाएवढं, चुरगाळलेलं, पण अंजिराचंच. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. मग लक्षात आलं की कळवायचं राहिलं. कुठे कळवायचं? गराजच्या मागच्या भिंतीला एक तडा होता, काका दर आठवड्याला त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करत. शेवटची खूण जानेवारीतली होती. मी त्या तड्यावर बोट ठेवून म्हटलं, "काका, उठला."

आणि मग आत जाऊन शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं आणि सही केली, पूर्ण नावाने.